शिंगावरची मोहर

बैलानं मान झटकली आणि कारकुनाच्या हातातली वितळलेली लाख माझ्या मनगटावर पडली. मी हूं की चूं केलं नाही. शिंग सोडलं असतं तर ते कारकुनाच्या पोटात गेलं असतं, आणि माझी नोकरी गेली असती. मला तेव्हा बैलापेक्षा नोकरीचं भ्या जास्त होतं.

"नीट धर रे किनवट," कारकून म्हणाला. "सरकारी मोहर हाय. वाकडी बसली तर पुन्हा लावावी लागंल."

माझं नाव किनवट नव्हतं. मी किनवटच्या बाजूचा, म्हणून ठाण्यात सगळे मला तेच म्हणायचे. पुढं पुढं मीही त्याच नावाला ओ द्यायला लागलो.

ही निजामाच्या अमलातली गोष्ट. पोलीस ॲक्शनच्या चार-पाच वर्षं आधीची. धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कोंडवाड्याचा शिपाई होतो. गावाचं नाव सांगत नाही. त्या माणसांची नातवंडं तिथं नांदत आहेत.

कोंडवाडा म्हणजे मोकाट जनावरं कोंडायची जागा. तुमची म्हैस दुसऱ्याच्या पिकात शिरली की तो तिला हाकत आमच्याकडं आणायचा, आणि तुम्ही दंड भरून सोडवून न्यायची. पण चोरीचं जनावर सापडलं तर तेही तिथंच बांधत. त्याला म्हणत मुद्देमाल. खटल्यात पुरावा म्हणून कोर्टापुढं ठेवायची वस्तू. तांब्या मुद्देमाल असला तर त्याला कपाटात ठेवून कुलूप घालता येतं. बैल मुद्देमाल असला तर तो खातो, शेण टाकतो आणि मालकिणीचा आवाज आला की हंबरतो.

अशा बैलाच्या शिंगाच्या बुडाशी सुतळी बांधत. सुतळीला लाकडाची चकती, गाठीवर लाख, लाखेवर ठाण्याचा शिक्का. मोहर शाबूत म्हणजे बैल तोच. मोहर फुटली म्हणजे बैल बदलला असा संशय. निकाल लागेपर्यंत त्या बैलाला कुणी जुंपायचं नाही, कुणी न्यायचं नाही.

माझी शाळा चौथीतच सुटली होती. लाकडाच्या एका ठेकेदाराबरोबर मी या मुलखात आलो. तापानं पडलो, तेव्हा ठेकेदार मला इथंच टाकून पुढं गेला. ठाण्याच्या कासम जमादारांनी मला त्यांच्या ओट्यावर झोपवलं. त्यांच्या घरची ज्वारीची पेज पिऊन मी उठून बसलो. मग त्यांनीच मला अमीनसाहेबांच्या पायावर घातलं. अमीन म्हणजे तेव्हाचा फौजदार. साहेबांनी मला वर-खाली बघितलं आणि कोंडवाड्यावर लावून टाकलं. त्या दोघांचं मी आजही देणं लागतो. म्हणून पुढचं लिहिताना मला अवघडल्यासारखं होतं.

हा बैल भागीरथाबाईचा. नाव पाखऱ्या. भागीरथाबाई तालुक्यापासून दोन-अडीच कोसावरच्या एका खेड्यातली. नवरा दम्यानं खाटेला खिळलेला, शेत बाईच बघायची. तिच्याकडं बैल एकच. शेजारच्या बांधावरच्या दगडूकडंही एकच. दोघांनी सावड धरली होती. म्हणजे दोन घरांचे दोन बैल एका औताला जुंपायचे, आधी एकाचं रान करायचं, मग दुसऱ्याचं. दोन्हीकडं औत हाकायचा दगडूच.

मग दगडूचा बैल मेला. पुढं चैत्रात पाखऱ्या बाईच्या गोठ्यातून गेला आणि येरमाळ्याला येडेश्वरीच्या जत्रेत सापडला. बैलबाजारात दगडू त्याचं दावं धरून उभा होता. गिऱ्हाइकानं बैल कुणाचा याचा पाटलाचा दाखला मागितला. दगडूकडं दाखला नव्हता. तिथंच धरला.

आमच्या ठाण्यात हवालात आणि कोंडवाडा पाठीला पाठ लावून होते. मधे एक भिंत, भिंतीत वर एक झरोका. भिंतीच्या अलीकडं पाखऱ्या, पलीकडं दगडू.

दर बाजारच्या दिवशी भागीरथाबाई डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन यायची. सरकारी चारा कसा असायचा ते तिला पाखऱ्याच्या बरगड्यांवरून समजलं होतं.

"बैल बघू द्या की, दादा."

"लांबून बघा, मावशी. मोहर लागलीय. हात लावायचा न्हाय."

"बैलाला हात लावायचा न्हाय?"

"मोहरंला."

"मग मोहर तुमच्याकडं ठिवा आन् बैल मला द्या."

मला हसू आलं, पण मी हसलो नाही. कमरेला नवा पट्टा होता. पट्टा बांधून हसायचं नसतं असं मला वाटायचं.

"सुटंल कवा?" ती विचारायची.

"केस निकाली लागली म्हंजे."

"केस कवा?"

"तारीख पडंल तवा."

"आन् तारीख कवा?"

"ते कोर्टाला ठाऊक."

"मृगाला ठाऊक हाय का पर त्ये?" ती म्हणायची. "रान तसंच पडलंय. दुसऱ्या एकासंगं सावड केली व्हती, तर बैल गेला म्हणल्यावर त्यानं दुसरीकडं जोडी लावली. माझा बैल पण तुमच्याच वाड्यात आन् औत्या पण तुमच्याच वाड्यात. म्या काय खाटंवरल्या माणसाला जुंपू?"

मी उत्तर पाठ केलं होतं. "तारीख पडंल तवा." हे वाक्य मी मान ताठ करून म्हणायचो. चौथी शिकलेल्याला असं एखादं सरकारी वाक्य मिळालं की लई आधार वाटतो.

ती गेली की झरोक्यातून दगडूचा आवाज यायचा.

"काकू गेली?"

"गेली."

"पाखऱ्या कडबा खातो का?"

"खातो की."

"त्येला भितीकडल्या खुट्याला बांधू नगा. त्यो औताला उजव्या अंगाला चालतो. उजवीकडं मोकळं लागतं त्येला."

मी दुसऱ्या दिवशी खुटा बदलला. बैल शांत झाला. चोराच्या सांगण्यावरून बदलला हे मी कुणाला बोललो नाही.

एका बाजारी भागीरथाबाई जाता जाता थांबली. "दादा, एक करा. त्या दगडूला एकदा माझ्यासमूर हुबा करा. मला त्येला इचारायचं हाय."

"काय इचारायचं?"

"त्ये त्येलाच इचारीन."

मी ते जमादारचाचांना सांगितलं. चाचांनी अमीनसाहेबांच्या कानावर घातलं. साहेब त्या दिवशी खुशीत होते. म्हणाले, "बाईला चोर बघायचाय? बघू दे. तिलाच का, सगळ्या बाजाराला बघू दे."

साहेब दुष्ट नव्हते. ज्याचं नुकसान झालं त्याला चोराची फजिती बघून बरं वाटतं, असं त्यांनी नोकरीभर बघितलं होतं. त्यांना वाटलं, आपण बाईवर मेहेरबानीच करतोय.

पुढच्या बाजारी दगडूला हवालातीतून काढलं. कमरेला दोर बांधला आणि दोराचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. हुकूम असा की त्यानं पाखऱ्याचं शेण हातानं भरायचं आणि टोपलं डोक्यावर घेऊन फाटकापासून लिंबाच्या झाडापर्यंत, म्हणजे ऐन बाजाराच्या तोंडापर्यंत, नेऊन टाकायचं. साहेब लिंबाखाली खुर्ची टाकून बसले.

माणसं जमायला वेळ लागला नाही.

"काय दगडू, नवी चाकरी लागली का?"

"बैलाची लई सेवा करतोय गडी. आदी कुठं व्हती ही माया?"

"शेणाला मोहर लागलीय का बघ रं, न्हाय तर त्ये पण बाजारात न्हेशील इकायला."

हे शेवटचं बोलणारा त्याच्याच गावचा होता. दगडूनं आवाज ओळखला असणार, कारण टोपलं डोक्यावर घेताना ते कलंडलं आणि शेण कपाळावरून ओघळलं. लोक आणखी हसले.

मी दोर धरून मागं चालत होतो. दोर धरणाऱ्यानं कुठं बघायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. दगडूच्या पाठीकडं बघवेना, लोकांकडं बघितलं तर वाटायचं ते मलाही हसतायत. मी माझ्या पायांकडं बघत चाललो. मनात एकच होतं की इथं माझ्या गावचं कुणी नाही, बरं आहे. मग सुचलं, दगडूच्या गावचं तर सगळं इथंच आहे.

तेवढ्यात डोक्यावर पेंढी घेऊन भागीरथाबाई आली. लोकांनी वाट दिली. कुणीतरी म्हणालं, "या मालकीणबाई, तुमचाच मान हाय."

ती थांबली. पेंढी खाली टाकली. दगडू टोपलं घेऊन बरोबर तिच्यासमोर आला होता. त्यानं मान खाली घातली, तशी तिनं पदर तोंडावर ओढला. मला वाटलं रडते. रडत नव्हती. लाजेनं तोंड झाकत होती.

"बघून घ्या बाई," साहेब खुर्चीवरून म्हणाले. "पोटभर बघा."

"माझं पोट असल्यानं भरत न्हाय, सरकार," ती म्हणाली. आवाज चढा नव्हता, पण लिंबापर्यंत पोचला. "ह्या पोरानं माझ्या चुलीम्होरं बसून भाकर खाल्लीया. त्येला असा नाचवताना म्या बघत हुबी ऱ्हायले, आता त्येच्या आईला कोणतं तोंड दाखवू?"

मग ती माझ्याकडं वळली. साहेबांपुढं बोलता येईना ते माझ्यापुढं बोलली.

"दादा, म्या हे मागितलं व्हतं का?"

जन्मात पुष्कळ शिव्या खाल्ल्या, वरिष्ठांच्या थपडाही खाल्ल्या. त्या एका साध्या प्रश्नाइतकी लाज कशानंच वाटली नाही. आणि मी केलं काय होतं? हुकूम पाळला होता. दोर धरला होता. तरीही वाटत होतं, जमीन जरा खाली जावी आणि मी तिच्याबरोबर जावं.

साहेबांचा चेहरा पडला. मेहेरबानी परत आल्यावर माणसाचा जसा पडतो तसा. ते उठले. "जमादार, काय ते बघा तुम्ही," म्हणाले आणि आत गेले.

चाचांनी काठी जमिनीवर आपटली. "चलो, चलो. तमाशा खतम. ज्याचा त्याचा बाजार करा." मग मला म्हणाले, "किनवट, त्याला हात धुवू दे. छपराखाली बसव. दोर सोड."

"चाचा, पळाला तर?"

"कुठं पळंल? अख्खा तालुका बघून बसलाय त्याला आता."

कोंडवाड्याच्या छपराखाली पाखऱ्याच्या गव्हाणीच्या एका अंगाला दगडू बसला, दुसऱ्या अंगाला भागीरथाबाई. चाचा दारात उकिडवे. मी दोर गुंडाळत राहिलो. तो केव्हाच गुंडाळून झाला होता, तरी गुंडाळत राहिलो.

पाखऱ्या दगडूच्या खांद्याला तोंड घासत होता.

"बैलाकडं बघू नगं. माझ्याकडं बघ," ती म्हणाली. "कशापायी न्हेलास?"

"काकू, माझा ढवळ्या मेला तवा पाणवठ्यावर तुम्ही काय म्हणलात?"

"काय म्हणले?"

"सावडीला आता तुझ्याकडं हाय काय, म्हणलात. तूच मान घालतोस का जुवाखाली, म्हणलात. समद्या बाया हसल्या. त्यात माझी बायकू व्हती. ती पण हसली. न्हाय हसली अस्ती तर चाललं असतं मला."

बाईनं गव्हाणीतला कडबा सारखा केला. मग म्हणाली, "म्हणले व्हते."

"त्येच्या दुसऱ्या दिशी तुम्ही दुसऱ्याच्या बैलाशी सावड धरली. मला सांगितलं पण न्हाय."

"न्हाय सांगितलं. माझं चुकलंच त्ये." तिनं पदर नीट केला. "पर म्हणले म्हणून बैल न्हायचा व्हय रं? दारात येऊन दोन शिव्या द्यायच्या व्हत्या मला."

"शिव्या द्यायला पण तोंड लागतं की, काकू."

"आन् इकून काय करणार व्हतास?"

"खोटं बोलत न्हाय. इकायलाच न्हेला व्हता. त्यात दुसरा बैल घेणार व्हतो. तुमच्यासमूर आणून हुबा करणार व्हतो. म्हणणार व्हतो, ह्यो घ्या, आता धरा सावड माझ्यासंगं."

भागीरथाबाई त्याच्याकडं बघत राहिली. "आरं मुडद्या, पर माझ्याकडं सावडीला बैल कुठला ऱ्हायला असता?"

दगडूचं तोंड उघडंच राहिलं. खरं सांगतो, हे त्याला तोवर सुचलंच नव्हतं. चैत्रापासून भिंतीपलीकडं बसून होता, तरी सुचलं नव्हतं. दारात चाचांनी तोंड फिरवलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. बाईच्याही ओठांचा कोपरा हलला. पण दगडू रडायला लागला. मोठ्यानं नाही, नुसता श्वास अडकल्यासारखा.

तिनं त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "पुन्हा माझ्या गोठ्याकडं असल्या नजरंनं बघशील?"

"न्हाय."

"मला रातीला झोप न्हाय येत. कुत्रं भुकलं की उठून गोठ्यात जाते. गोठा मोकळा, तरी जाते. त्ये तुला सांगायचं व्हतं. दुसरं काय न्हाय."

दगडूनं दोन्ही हात जोडले आणि ते तसेच कपाळाला लावून बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "काकू, आमच्या अण्णाला सांगाल का, एकदा येऊन जा म्हणून? एकदा पण आला न्हाय त्यो."

"लाज वाटत असंल त्येला."

"मला पण वाटती की. म्हणूनच ये म्हणतोय."

बाई उठली. जाताना चाचांना म्हणाली, "ह्येचं काय करायचं त्ये सरकार करंल. पर माझ्या रानाचं कोण करंल, जमादारसाहेब?"

चाचांनी माझ्याकडं बघितलं. "किनवट, जा. कोर्टात पेशकारसाहेबांना विचारून ये, मुद्देमाल बैल लवकर सोडायची काही तजवीज आहे का."

पेशकार म्हणजे कोर्टातला मुख्य कारकून. मुन्सिफसाहेबांच्या, म्हणजे न्यायाधीशांच्या, खाली बसणारा. कामकाज उर्दूत चालायचं, आणि आमच्या लोकांचं बोलणं तो साहेबांना समजावून सांगायचा. मी कोर्टाच्या पायरीवर तीनदा पाय ठेवला आणि मागं घेतला. शेवटी आत गेलो.

"साहेब, मुद्देमाल बैल मालकिणीला मिळतो का, निकालाच्या आधी?"

पेशकारांनी चष्मा वर केला. "मिळतो की. सुपुर्दनाम्यावर. निकालापर्यंत सांभाळीन आणि हुकूम होईल तेव्हा आहे तसा आणून उभा करीन, असं लिहून द्यायचं. एक जमीनवाला जामीन पाहिजे. जनावर मेलं, विकलं, मोहर फुटली, तर जामीनदार जबाबदार."

"आन् जुंपता येतो?"

"सांभाळायला दिला म्हणजे काय देव्हाऱ्यात ठेवायचा? जुंपा."

"मग साहेब, इतके दिवस..."

"कुणी अर्ज केला होता का?"

"तिला ठाऊक नव्हतं."

"मग?" ते म्हणाले.

त्यांनी ते 'मग' खरंच विचारलं होतं. त्यात खोच नव्हती. न मागितलेली गोष्ट कुणाला द्यायची तरी कशी, हे त्यांना उमजत नव्हतं. मला मात्र माझं ते ताठ मानेचं वाक्य आठवलं. तारीख पडंल तवा. मी फाटकात उभा राहून इतक्या वेळा म्हटलं होतं की बाईला तो कायदाच वाटला असणार. मलाही वाटला होता.

आता जामीन. मृग तोंडावर आलेला. बाईनं गावात घरोघर विचारलं. बैल तिचा, हे सगळ्यांना मान्य होतं. पण कोर्टाच्या कागदावर अंगठा उठवायला कुणी तयार होईना. उद्या बैल साप चावून मेला तर कुणी निस्तरायचं? ती दोनदा हात हलवत परत आली.

तिसऱ्या वेळी तिच्यामागून एक म्हातारा चालत आला. तांबडा पटका, हातात काठी, नजर खाली. फाटकाशी आल्यावर हवालातीच्या भिंतीकडं एकदा बघितलं आणि तोंड फिरवून उभा राहिला.

"ह्ये रंगनाथअण्णा," बाई म्हणाली. "दगडूचा बाप. निरोप द्यायला गेले व्हते. म्हणले, येणार आसशील तर जामीन हून ये, नुस्ता येऊ नगं."

कोर्टात पेशकारांनी कागद बघितला, म्हाताऱ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "चोराचा बाप चोरीच्या मालाला जामीन. निजामाच्या मुलखात अजून काय काय बघायचंय."

कचेरीतले सगळे हसले. म्हातारा हसला नाही, रागावलाही नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. मला परत लिंबाखालचा दिवस आठवला आणि मी पट्ट्याच्या बकलाकडं बघायला लागलो.

मुन्सिफसाहेबांनी उर्दूत काही विचारलं. पेशकारांनी बाईला सांगितलं, "साहेब विचारतायत, हा जामीन तुला चालतो का? याच्या पोरानं तुझी चोरी केली."

"चालतोय. ह्येच्या बांधाला माझा बांध हाय. दुसऱ्याचा बैल मेला तर लोक हळहळतील. माझा मेला तर ह्येला तोंड लपवावं लागंल. असाच माणूस पाहिजे बैल सांभाळायला."

साहेबांनी कागद पेशकारांकडं सरकवला. मग म्हणाले, "लिखो."

म्हाताऱ्यानं अंगठा उठवला. जाताना मी त्याला विचारलं, "अण्णा, पोराला भेटणार का?" त्यानं मान हलवली, होकाराची. हवालातीच्या गजांपाशी बापलेक उभे राहिले. काय बोलले ते मला ठाऊक नाही. मी मुद्दाम लांब गेलो. तेवढं मला तोवर समजायला लागलं होतं.

पेरणी झाली. ती कशी झाली ते गावातून येणाऱ्या लोकांकडून समजायचं. माकणीच्या मेव्हण्याचा एक बैल मागून आणून अण्णांनी पाखऱ्याशी जोडी लावली आणि त्या वयात स्वतः औत धरलं. आधी बाईचं रान, मग स्वतःचं.

तारीख पडली तेव्हा पिकं गुडघ्याला लागली होती. भागीरथाबाईनं पाखऱ्या कोर्टाच्या आवारात आणून उभा केला. मुन्सिफसाहेब ओसरीवर आले. दगडूला मी आणलं होतं, या वेळी दोर त्याच्या कमरेला नव्हता. चाचांनी नुसता हात धरायला सांगितलं होतं.

"मोहर दाखवा," पेशकार म्हणाले.

बैलाच्या शिंगाच्या बुडाशी तांबडं फडकं घट्ट गुंडाळलेलं होतं. पाऊस, चिखल, जू, सगळ्यातून गेलेलं. मी पुढं होऊन सोडायला लागलो. एक वेढा, दुसरा वेढा, फडकं संपेना. आत चकती कोरडी होती. लाखेवरचा शिक्का काल मारल्यासारखा.

"मोहर शाबूत," पेशकार म्हणाले. "पण फडकं कसलं हे?"

मी मागं वळून बघितलं. रंगनाथअण्णा आवाराच्या कडेला उभे होते. डोक्यावरचा तांबडा पटका आखूड झालेला. दोन वेढे जेमतेम बसत होते, मधून पांढरे केस दिसत होते.

मी दंड सोडला होता तिथून दगडू एक पाऊल पुढं आला. त्यानं फडकं बघितलं होतं.

"चोरी म्याच केली, हुजूर," तो म्हणाला. त्याला अजून कुणी काही विचारलंच नव्हतं. पेशकारांनी हातानं थांब म्हटलं, पण तो थांबला नाही. "काय लिवायचं त्ये लिवा. म्याच केली."

मुन्सिफसाहेबांनी भागीरथाबाईला विचारलं, तुझं काही म्हणणं आहे का. फिर्यादीला असं सहसा विचारत नसत. साक्ष झाली की घरी जा, एवढंच.

"शिक्षा द्या," ती म्हणाली. "केलंय त्यानं. पर सुगीच्या आत सोडा. काढणीला माणूस लागतं. अण्णाच्यानं आता व्हत न्हाय."

पेशकारांनी ते उर्दूत सांगितलं, तेव्हा साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. हसू लपवत असावेत. त्यांनी शिक्षा दिली, पण थोडी दिली, आणि हवालातीतले दिवस त्यातून वजा केले. मी शिंगावरची सुतळी कापली. पाखऱ्या सरकारी मालाचा परत बैल झाला.

दगडू धाराशिवच्या तुरुंगातून सुटला तो गावाला गेलाच नाही. सरळ आमच्या फाटकाशी येऊन बसला. दिवसभर बसून राहिला.

"घरी जा की," मी म्हटलं.

"ह्या लिंबापसून वाट जाती गावाला," तो म्हणाला. "दिसाउजेडी कसा जाऊ तिथनं?"

बाजारचा दिवस होता. त्याच्या गावच्या माणसाबरोबर मी निरोप धाडला. मला वाटलं बाप येईल. आली भागीरथाबाई, विळ्याला धार लावायच्या निमित्तानं. तिनं विळा त्याच्या हातात दिला.

"चल. काढणी खोळंबलीय."

तो उठला आणि चार पावलं मागं राहून चालायला लागला. ती थांबली. "मागनं का? चोर हाईस का आता? बरुबर चाल."

लिंबाखाली माणसं होती. दोघं त्यांच्यामधून गेली. एकजण काहीतरी बोलायला तोंड उघडत होता. बाईनं त्याच्याकडं बघितलं, तसं त्यानं पान खाल्लं.

अमीनसाहेबांची पुढं बदली झाली. जाताना त्यांनी मला जवळ बोलावून चांगलं काम कर म्हणून सांगितलं, आणि मी त्यांच्या पाया पडलो. मनापासून पडलो. लिंबाखालचा विषय आमच्यात कधीच निघाला नाही. राज्य बदललं, पट्टा बदलला, मी त्याच खात्यात राहून हवालदार म्हणून रिटायर झालो. कासमचाचा तोवर हयात नव्हते.

धडा म्हणाल तर अगदी कोरडा आहे. जनावर मुद्देमाल म्हणून ठाण्यात अडकलं तर सुपुर्दनाम्यावर सुटतं. न विचारता कुणी सांगत नाही, आणि ज्याला विचारायचं असतं त्याला काय विचारायचं तेच ठाऊक नसतं. त्यानंतर कोंडवाड्याच्या फाटकाशी चोरीच्या जनावराचा मालक आला की मी आधी तेवढं सांगून टाकायचो आणि मगच मोहरेला हात लावू नका म्हणायचो. वरिष्ठ एकदा चिडले होते, म्हणाले, तू वकील आहेस की शिपाई? मी म्हटलं, शिपाईच आहे साहेब, चौथी सुटलेला.